तोरणाचा निकाल

वाकदरीत कोणाच्या घरी छापील किंवा शिक्क्याचा कागद आला की तो माणूस तो कागद टोपीत घालून थेट शाळेकडे येई. रंगराव मास्तर वर्गाला पाढे लिहायला सांगून ओट्यावर येत, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत. "पुरा वाचू, का तुमाले पाह्यजे तेवढा?"

माणूस संकोचाने म्हणे, "पुरा वाचा ना, मास्तर."

मग मास्तर तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत. चांगल्या बातमीने त्यांचा आवाज चढत नसे आणि वाईट बातमीने उतरत नसे. ऐकणारा मध्येच "बस, बस, समजलं" म्हणाला तरी ते थांबत नसत. एकदा एका म्हाताऱ्याला त्याच्या जावयाचे पत्र वाचून दाखवताना, जावयाने सासऱ्याविषयी लिहिलेल्या अपशब्दांच्या अडीच ओळी त्यांनी तशाच वाचल्या. म्हातारा आठवडाभर मास्तरांशी बोलला नाही. पुढचे पत्र आले तेव्हा मात्र वाचून घ्यायला त्यांच्याकडेच आला.

मी त्यांच्या हाताखाली चौथी झालो. त्या वर्षी, म्हणजे सेहेचाळीस साली, प्रांताच्या निवडणुका होत्या. दोन्हीकडची पत्रके गावात आली. मास्तरांनी चावडीवर दोन्ही वाचली, एकाच सुरात, एकापाठोपाठ एक. कोणी तरी विचारले, "मास्तर, तुमचं कोन्तं?" मास्तर म्हणाले, "मी वाचनारा. मत तुमचं." गर्दीतला एक जण हसून म्हणाला, "आमचे मास्तर म्हन्जे कोमट पानी. ना थंडीले कामाचं, ना उन्हाळ्याले."

पुढे नागपूरला कॉलेजात असताना मलाही तसेच वाटू लागले होते. त्या वयात ज्याचा कोणताच झेंडा नाही, त्याला मतच नाही असे आम्ही धरून चालत असू. मास्तरांना मत होते. अडतीस साली त्यांनी शाळेतले जातीवरून वेगळे ठेवलेले पाण्याचे दोन रांजण काढून एकच ठेवला आणि सगळ्या मुलांना त्यातलेच पाणी प्यायला लावले. तीन महिने वर्गात नऊ मुले होती. मास्तरांनी त्या नऊ मुलांना शिकवले आणि बाकीच्यांची वाट पाहिली. पटावर एकाचेही नाव खोडले नाही. हे धैर्य त्यांना कोठून आले आणि पुरा कागद वाचण्याचा हट्ट कोठून आला, याचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते, असे मला त्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून वाटते. ती त्यांनी मला सांगितली तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या बोलण्यात कोणावरही राग नव्हता.

वाकदरी हे धाड या बाजारगावापासून चार कोसांवरचे गाव. एका अंगाला मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची हद्द. पाटीलकी एकाच घराण्याची, पण तिच्या दोन पाती: थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीचे भगवानराव, धाकट्या पातीचे अर्जुनराव. अर्जुनराव हे रंगराव मास्तरांचे वडील. दोन्ही पातींचे मूळपुरुष सख्खे भाऊ होते, म्हणून सुतक एक होते. बाकी काही एक राहिले नव्हते.

वाद होता पोळ्याच्या मानाचा. श्रावणाच्या अमावास्येला गावची बैलं आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या मैदानावर, जमत. आंब्याच्या पानांचे तोरण दोन बल्ल्यांना बांधलेले असे. मानाची जोडी तोरणाखालून पुढे गेली की तोरण तोडत आणि मग बाकीची बैलं घराकडे वळत. मानाची जोडी कोणाची, एवढाच प्रश्न. थोरली पात म्हणे, आम्ही थोरले. धाकटी पात म्हणे, आमच्या आजोबांनी गढी राखली तेव्हापासून मान आमचा. एकोणीसशे तेराच्या पोळ्यात दोन्ही जोड्या एकदमच तोरणाशी आल्या. कासरे ओढले गेले, मग काठ्या उठल्या, मग दगड. अर्जुनरावांचे धाकटे भाऊ पंजाबराव त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. एक दगड त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. बुलढाण्याच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. डोळा गेला. ठरलेले लग्न मोडले, आणि नंतर त्यांनी कोणाला ठरवू दिले नाही.

त्या वेळी रंगराव पाच वर्षांचे होते. पुढच्या काळात त्यांना वाढवले ते याच काकांनी. अर्जुनराव पाटीलकीत आणि कोर्टात गुंतलेले. पंजाबराव गोठ्यात, शेतात आणि पोराच्या मागे. पुतण्याला पोहायला त्यांनी शिकवले, चिंचेवरून पडला तेव्हा खांद्यावर घालून वैदूकडे त्यांनी नेले. त्याला नेहमी आपल्या उजव्या हाताला चालवत, कारण डाव्या बाजूचे त्यांना दिसत नसे.

भगवानरावांनी दिवाणीत दावा लावला. तो तीन वर्षे चालला आणि निकाल इंग्रजीत लागला. अर्जुनरावांच्या वकिलाच्या कारकुनाने बाहेर येऊन सांगितले, "पाटील, त्यांचा दावा रद्द झाला." अर्जुनरावांनी याचा अर्थ लावला, आपण जिंकलो. त्याच आवारात चार हातांवर भगवानरावांच्या वकिलाने त्यांची समजूत घातली, "कोर्टानं तुमचा मान नाही असं कुठंच म्हटलेलं नाही." भगवानरावांनी याचा अर्थ लावला, आपण हरलो नाही. दोघांनी निकालाच्या शिक्क्याच्या नकला घेतल्या, दोघांनी गावात पेढे वाटले आणि दोघांनीही आपापली नक्कल देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवली. दसऱ्याला शस्त्रांशेजारी तिलाही हळदकुंकू लागे.

गावात दंग्यानंतरच दोन पोळे भरू लागले होते. थोरल्या पातीचा मारुतीपुढे, धाकट्या पातीचा नदीकडच्या आखरावर. मग लहानसहान माणसांचा प्रश्न आला. ज्याच्या पोळ्यात जोडी न्यावी, त्याच्या पातीचा तो माणूस ठरे. निवृत्ती माळी नावाचा एक हुशार बागायती होता. तो एक बैल मारुतीपुढे पाठवी आणि दुसरा आखरावर. कोणी हटकले तर म्हणे, "जोडी तुटते खरी, पन मी नाई तुटत."

हळूहळू हे दोन पोळे वर्षभर चालू राहू लागले. थोरल्या पातीने सहकारी पेढीत नाव घातले, म्हणून धाकटीने घातले नाही. थोरल्या पातीच्या घरी खादी आली, म्हणून धाकटीने गिरणीचे कापड सोडले नाही. सरकारविरुद्ध बोलणारा एक पाहुणा भगवानरावांकडे उतरला, तेव्हा अर्जुनराव आयुष्यात पहिल्यांदा सरकारचे गुण सांगू लागले. त्या माणसांना स्वतःचा विचार नव्हता असे मी म्हणणार नाही. विचार करण्यापूर्वी त्यांना पलीकडच्या घरात काय चालले आहे ते पाहावे लागे, इतकेच.

रंगरावांना इंग्रजी शाळेत घातले तेही यातूनच. पोराने साहेब व्हावे अशी अर्जुनरावांची इच्छा नव्हती. त्यांना तो कागद कोणी तरी घरच्याच माणसाने वाचून दाखवायला हवा होता. पोराला बुलढाण्याला सोडताना त्यांनी तिथल्या मास्तरांना विचारले, "निकाल वाचन्याइतकं इंग्रजी याले किती सालं लागतीन?" मास्तर म्हणाले, "पाच-सहा." अर्जुनराव म्हणाले, "बरं. तवापर्यंत मी दम खातो."

चोवीस सालच्या दसऱ्याला रंगराव इंग्रजी पाचवीत होते. पूजा झाल्यावर अर्जुनरावांनी पेटी उघडली, कागद काढला आणि पोराच्या हातात दिला. ओसरीवर पातीची दहा-बारा माणसे बसली होती. दाराच्या आत रंगरावांची आई मनकर्णाबाई उभ्या होत्या. आणि अगदी समोर, मांडीवर हात ठेवून, पंजाबकाका.

रंगरावांनी कागद मनातल्या मनात वाचला. काही शब्द अडले, पण मतलब अडला नाही. कोर्टाने लिहिले होते की तोरणाखालून आधी जाणे ही नुसती मानाची बाब आहे. ती मालमत्ता नव्हे, हुद्दा नव्हे, सबब तिचा दावा या कोर्टात चालू शकत नाही. म्हणून वादीचा दावा रद्द. पण यावरून प्रतिवादीचा हक्क शाबीत झाला असे कोणी समजू नये.

"वाच ना बे," अर्जुनराव म्हणाले. "अक्षर लागत नाई का?"

"लागते, आबा."

"मंग?"

रंगरावांनी वर पाहिले. काकांचा चेहरा समोर होता. एक डोळा त्यांच्याकडे लागलेला, दुसऱ्याच्या जागी सुरकुतलेली पापणी. रंगरावांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि कागदात नव्हते ते वाचले. "वाकदरीच्या पोळ्याचा मान... धाकट्या पातीचा आहे, असं कोर्टाचं मत पडते."

अर्जुनरावांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पंजाबकाका उठले, पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला. डोळा गेला तो कामी आला."

मास्तर मला म्हणाले होते, "त्या दिवशी मी जेवलो चांगला. मले वाटलं, आपन एक चांगलं काम केलं."

खोट्याला पाय फुटले ते उन्हाळ्यात. नवे तहसीलदार दौऱ्यावर आले. दोन पोळ्यांसाठी दोन ठिकाणी शिपाई पाठवावे लागतात याचा त्यांना वैताग होता. त्यांनी दोन्ही पाटलांना बोलावून विचारले, एक पोळा भरवाल का? अर्जुनराव ताबडतोब म्हणाले, "भरवू. कोर्टाचा निकाल तोरनापाशी वाचा, आन् त्यात लिवलं तसं करा." त्यांना वाटले, आता भगवानराव मागे सरतील. भगवानराव म्हणाले, "आमची ना नाई. तोच निकाल वाचा." वकिलाची समजूत त्यांच्याही मनात नऊ वर्षे पक्की बसलेली होती. तहसीलदारांनी विचारले, "वाचणार कोण?" गावात इंग्रजी येणारा एकच होता. अर्जुनराव म्हणाले, "माहा पोरगा." भगवानराव म्हणाले, "पोरगा तुमचा असला तरी कागद सरकारचा हाय. वाचू द्या. मी माही नक्कल हातात धरून बसीन." त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, पण नक्कल हातात असली की धाक राहतो, असे त्यांचे मत होते.

पोळ्याच्या सुटीत घरी आल्यावर रंगरावांना हे कळले. पोळा पाच दिवसांवर होता. धाकट्या पातीच्या घरोघरी काठ्यांना तेल लावणे चालू होते. थोरल्या पातीतही तेच असणार. खोटे वाचले तर भगवानराव मानणार नाहीत आणि दगड उठतील. खरे वाचले तर पंजाबकाकांचा डोळा कशासाठी गेला, याला उत्तर उरत नव्हते.

त्यांनी आधी आईला सांगितले. मनकर्णाबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"म्हन्जे मान कोनाचाच नाई?"

"नाई."

"आन् तू दसऱ्याले घरभर लोकाइच्या समोर..."

"हाव, माय."

मनकर्णाबाईंनी बराच वेळ पाखडले. मग म्हणाल्या, "तुह्या बापाले मी सांगीन तर तो म्हनीन पोराले इंग्रजी येत नाई. पोळ्याच्या आंधी तो कोनाचं आयकनार नाई. ते राहू दे. भावजीले मात्र गर्दीत समजू देऊ नको. त्याइले तू सांग. तुह्या तोंडानं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून राठ झालेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि बैलाच्या कानात उद्याचे आवतण देतात. दिवस मावळायच्या सुमाराला पंजाबकाका गोठ्यात तेच करत होते. रंगराव शेजारी जाऊन उभे राहिले, नेहमीप्रमाणे उजव्या बाजूला.

"काका, एक सांगाचं होतं."

"सांग. लोनी इकडं सरकव."

रंगरावांनी सांगितले. जे कागदात होते ते सगळे, शब्दाला शब्द लावून. काकांचा हात बैलाच्या खांद्यावर फिरत होता तो थांबला.

"दसऱ्याले तर येगळंच वाचलं होतं."

"हाव."

"काऊन?"

"तुमी समोर बसले होते."

बैलाने मान वळवून काकांच्या हाताला हुंगले. काकांनी पुन्हा चोळायला सुरुवात केली. एक खांदा झाला, दुसरा झाला. लोण्याची वाटी रिकामी झाली, ती त्यांनी भुशाने पुसली. रंगरावांना वाटले, आता काका काही तरी म्हणतील, रागावतील तरी. ते बैलाच्या कानाशी वाकले आणि दरवर्षीसारखे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग उभे राहून, पुतण्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या पुरा वाच. काही गाळू नको. आन् माह्याकडं पाहू नको."

दुसऱ्या दिवशी बारा वर्षांनी वाकदरीची सगळी बैलं एका आखरावर आली. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. निवृत्ती माळ्याने दोन्ही बैल बरोबर आणले होते. त्याची बायको गोजरबाई लोकांत सांगत होती, "आज आमची जोडी एकमेकाले वळखत नव्हती." तोरण ताणून बांधले होते. एका बाजूला थोरल्या पातीची माणसे, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीची, मध्ये चार शिपाई. काठ्या सगळ्यांच्या हातात होत्या. बैल हाकायला लागतात, असे म्हणायची सोय होती.

रंगराव तोरणाशेजारच्या दगडी ओट्यावर चढले. ते सतरा वर्षांचे होते. आधी त्यांनी इंग्रजीत वाचले, मग एकेका वाक्याचा अर्थ सांगत गेले. दाव्याची हकिकत झाली, साक्षी झाल्या. मग निकालाची ओळ आली. रंगराव म्हणाले, "कोर्ट म्हनते, तोरनाखालून पयले जाने हा मालमत्तेचा हक्क नाही. फक्त मानाची गोष्ट आहे. म्हनून तिचा दावा इथं चालत नाही. वादीचा दावा रद्द. आन् त्यावरून प्रतिवादीचा हक्क आहे, असंही समजू नये."

पहिल्यांदा कोणाला काही कळले नाही. मग अर्जुनराव म्हणाले, "नीट वाच. घाईत ओळ सुटली तुह्यी."

"सुटली नाई, आबा. दसऱ्याले मी खोटं वाचलं होतं."

अर्जुनराव उभे होते ते मागच्या गाडीच्या साटीवर बसले. थोरल्या पातीत कोणी तरी हसले. भगवानराव आपली नक्कल फडकावून म्हणाले, "मंग मान आमचा न?"

"नाई, पाटीलबाबा. तुमच्या कागदातही हेच आहे. कोर्ट म्हनते, कोनाचाच नाई."

"कोनाचाच नाई असं कसं होईन? मान हाय तर कोनाचा तरी असन."

"ते कोर्टाले नाई सांगता येत म्हनते."

"मंग तीन सालं काय करून राह्यलं होतं कोर्ट?"

निवृत्ती माळी मागून म्हणाला, "मान आयकून घेत असन." दोन-तीन जण हसले, पण कासरे आवळले गेले. रंगरावांच्या हातात अजून एक परिच्छेद होता. त्यांना 'काही गाळू नको' हे शब्द आठवत होते. काका कोठे उभे आहेत हे त्यांना माहीत होते, आणि त्यांनी तिकडे पाहिले नाही.

ते म्हणाले, "आणखी थोडं आहे." आणि त्यांनी वाचले. "सन १९१३ च्या पोळ्यात दोन्ही पक्षांत दंगा होऊन एका इसमास इजा झाली असे दिसते. परंतु त्या गोष्टीचा या दाव्याशी संबंध नाही."



पंजाबराव पुढे आले. "एक इसम म्हनलं का?"

"हाव, काका."

"नाव?"

"नाव नाई."

पंजाबरावांनी मान हलवली, जणू एवढेच विचारायचे होते. ते मागे वळणार, तोच भगवानराव बोलले. त्यांचा आवाज बदलला होता.

"नाव नाई म्हन्जे? पंजाबरावाचं नाव नाई? कोर्टात आमी सारे होतो. मी होतो, हा अर्जुन होता. कोन्या इसमाले लागलं ते साऱ्याइले ठाव होतं." मग जड जिभेने म्हणाले, "दगड आमच्या अंगानं आल्ता. कोर्टात आमी नाई म्हनलं. पन आल्ता तो आमच्याच अंगानं."

बारा वर्षांत हे वाक्य गावात कोणी उच्चारले नव्हते. थोरल्या पातीची माणसे जमिनीकडे पाहू लागली. साटीवर बसलेल्या अर्जुनरावांनी तोंडावरून उपरणे फिरवले आणि म्हणाले, "पयली काठी आमची होती." हेही कोर्टात कोणी सांगितले नव्हते.

पंजाबराव मध्ये उभे होते. दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्याकडे पाहत होती आणि त्यांना अर्धीच दिसत होती. भगवानराव म्हणाले, "पंजाबराव, जोडी तुमची जाऊ द्या पुढं."

"माही कोन्ती जोडी? भावाचीच हाय." ते म्हणाले. "आन् मले मान दिसत नाई. कोर्टालेही नाई दिसला."

ते तोरणापाशी गेले. त्यांच्या हातात नेहमीची तुतारी होती, बैल हाकायची टोकदार काठी. त्यांनी ती उंच केली आणि तोरण मधोमध तोडले. मानाची जोडी अजून गेलीच नव्हती. तोरण तुटले की बैलांनी घराकडे निघायचे, हे बैलांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. ते निघाले, सगळेच, एकदम. थोरल्या पातीचे, धाकट्या पातीचे, निवृत्ती माळ्याचे. झुली सरकल्या, शिपाई बाजूला उडाले, धुळीत कोण कोठे होते ते कळेना. माणसे हातातल्या काठ्या टाकून आपापले कासरे शोधू लागली.

धूळ बसल्यावर दोन्ही पातींचे चार-सहा लोक पंजाबरावांना विचारायला आले. तोरणाच्या सर्वांत जवळ तेच होते. "सांगा पंजाबराव, पयले कोनाचे गेले?"

पंजाबराव विचार करून म्हणाले, "उजव्या अंगाचे मी पाह्यले. डाव्या अंगाचे मले दिसत नाईत. आता कसं सांगू?"

त्या वर्षापासून वाकदरीत एकच पोळा भरतो. बैलं आधी जमतात, मग कोणी तरी तोरण तोडते आणि सगळी एकदम निघतात. जवळपासच्या गावांत याची थट्टा होते. भांडण संपले असे मात्र नाही. दोन्ही पातींनी भांडायला पुढे दुसऱ्या गोष्टी शोधल्या, आणि पत्रके ऐकताना माणसे अजूनही आधी पलीकडे पाहतात. पण त्यानंतर डोके फुटल्याचे मी ऐकलेले नाही.

अर्जुनराव पोराशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. त्यांनी त्याला शाळेतून मात्र काढले नाही. मनकर्णाबाईंनी विचारले, "आता कशाले शिकवता? कागद तर वाचून झाला." अर्जुनराव म्हणाले, "अजून कागद येतीन."

काकांचे काय, हे रंगरावांना कळत नव्हते. पोळ्यानंतर पंजाबराव त्यांच्याशी बोलत होते, जेवायला हाक मारत होते. पण पूर्वी ते पुतण्याकडून काहीबाही वाचून घेत असत: तंबाखूच्या पुडीवरचे, पंचांगातले, भिंतीवरच्या कॅलेंडरातले. आता घेत नव्हते. रंगरावांना बापाच्या अबोल्यापेक्षा ते जास्त लागले.

सुटी संपली. बुलढाण्याला सोडायला काकांनीच गाडी जुंपली. धाडचा बाजार मागे पडला, सडक लागली. सडकेच्या कडेला मैलाचा दगड आला, तेव्हा काकांनी कासरा ओढून गाडी थांबवली. दगडावर काळ्या अक्षरांत इंग्रजीत काही लिहिले होते. काकांनी पराणीने तिकडे दाखवले.

"काय लिवलं?"

"बुलढाणा. बारा मैल."

"हे दगडावर हाय, का तुह्या पोटात?"

रंगराव गाडीतून उतरले. दगडापाशी बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी पुन्हा वाचले, मोठ्याने. मग आकडा वाचला. काकाही उतरले होते. त्यांनी वाकून, चांगला डोळा जवळ नेऊन, त्या आकड्यावर अंगठा फिरवला.

"बारा," ते म्हणाले. "बस गाडीत. दिवस कलाच्या आत पोचू."